नऊ दिवसांची साय

"ओल्या हातानं बरणी उघडशील, तर वर्षाचं लोणचं बुरशीला घालशील."

हे गोदूबाईचं वाक्य. तिला ते कुणी शिकवलं ते ठाऊक नाही, पण तिने ते आधी अख्ख्या अष्टमी गावाला शिकवलं, आणि अष्टमी संपल्यावर पूल ओलांडून रोह्याला शिकवलं. कुणाच्या मुलीचं लग्न घाईत ठरलं की गोदूबाई हे वाक्य म्हणे. एसटीचा ड्रायव्हर चिखलाच्या पायांनी गाडीत चढला की म्हणे. एकच माणूस तिसऱ्या निवडणुकीला तिसऱ्या पक्षातून उभा राहिला तेव्हाही म्हणाली, आणि त्या वेळी मात्र ते लोकांना चटकन पटलं. सगळ्या रोगांना एकच पुडी देणारे वैद्य पूर्वी गावोगाव असत. गोदूबाईचं वाक्य त्याच वाणाचं होतं. त्यामुळे ते कुणी ऐकत नसे.

तिचा जन्म पेणच्या खाडीकाठचा. बाप मिठागरात, आई मिठागरात, पाळणाही मिठागराच्या बांधावरच टांगलेला. ओल कुठे लपून बसते, वारा कुठून फिरला की पांढरं मीठ पुन्हा पाणी होतं, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळलं. अक्षरओळख नंतरही फारशी झाली नाही. लग्न होऊन ती अष्टमीत आली. नवरा सखा भातगिरणीत पोती उचलायचा. तो फार लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या त्या चिनी मातीच्या चार बरण्या, आणि त्यांच्यावर गोदूबाईने तीस वर्षं काढली.

तिचं लोणचं म्हणजे एक सोवळंच होतं. खडेमीठ आधी तव्यावर भाजायचं. बरण्या दोन दिवस उन्हात पालथ्या घालायच्या, मग त्यांना हिंगाची धुरी द्यायची. लोणचं भरलं की तोंडाला दादरा, म्हणजे घडी केलेलं कोरडं फडकं, सुतळीने आवळून बांधायचा. मोठ्या बरणीत रोज हात घालायचा नाही. रोजच्या खाण्याचं छोट्या बरणीत काढून घ्यायचं आणि मोठीचा दादरा पुन्हा आवळायचा. आणि मग ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं, "तीस वरसांत माजी एक बरणी बुरशीला गेली नाय. एक दाखवा, मिशी लावून फिरेन."

मिशी लावायची वेळ आली नाही. कारण दुकानादुकानांत लोणच्याच्या पाकिटांच्या माळा लटकू लागल्या आणि गोदूबाईच्या ओट्यावर कुणी येईनासंच झालं. पाकिटावर हसऱ्या बाईचं चित्र असतं. गोदूबाई कधी हसत नसे, तेही एक कारण असावं. पंचावन्नाव्या वर्षी तिने बरण्या पालथ्या घातल्या आणि पेणच्या एका मुलांच्या हॉस्पिटलात सफाईची मावशी म्हणून ती कंत्राटावर लागली.

त्या हॉस्पिटलचं नाव इथे येणार नाही. ते नाव गेटवर आहे, लिफ्टमध्ये आहे, चादरींवर आहे आणि बेडपॅनवरसुद्धा आहे. इथे नसलं तर बिघडत नाही.

तिथे नम्रता नावाची नर्स होती. रोह्याच्या आतल्या बाजूच्या, भात आणि वाल पिकवणाऱ्या गावातली पोर. नर्सिंगचा कोर्स नुकताच झालेला, ही पहिली नोकरी, आणि नोकरीला दोन महिने. सकाळच्या गाडीने ती आणि गोदूबाई एकाच डब्यातून पेणला यायच्या. नागोठणं जाईपर्यंत गोदूबाई बोलत असे, नागोठण्यानंतर नम्रता झोपल्याचं सोंग करत असे.

नम्रताला डॉक्टरांची भीती नव्हती. तिला भीती होती मॅनेजरची. काळुराम नावाचे हे गृहस्थ, त्यांना दोन व्यसनं होती, काटकसर आणि फलक. 'अपव्यय टाळा' हा फलक त्यांनी स्वतः लिहिला होता. हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं रंगीत चित्र प्रत्येक नळावर होतं. धुतलेले हात पुसायचे कशाला, हे मात्र चित्रात नव्हतं. त्यासाठी वॉर्डात एका खिळ्यावर एक टॉवेल होता. श्रावण चालू होता, टॉवेल सोमवारी टांगला जायचा, आणि शनिवारपर्यंत तो इतका ओला व्हायचा की त्याला पिळून आणखी एका नर्सचे हात धुऊन झाले असते. कागदी रुमालांचा खोका होता. पण तो मानांकनाच्या तपासणीसाठी काळुरामांनी कपाटात कुलूप लावून जपला होता. तपासणीच्या दिवशी हात कोरडे दिसायला हवेत ना!

पहिल्याच आठवड्यात नम्रताने टपटपत्या हाताने स्पिरिटच्या कापसाची बरणी उघडली, आणि मागून आवाज आला.

"गो बाय! ओल्या हातानं बरणी..."

"मावशी, ती लोणच्याची नाही. स्पिरिट आहे त्यात."

"आसंल. बरणीला काय ठाव तिच्यात काय हाय?"

सगळ्या नर्सा हसल्या. नम्रताही हसली. गोदूबाईने कमरेला खोचलेला जुन्या धोतराचा एक कोरडा, धुतलेला तुकडा काढून तिच्या हातात दिला आणि पोछा उचलून निघून गेली. तेव्हापासून ती रोज सकाळी असे चार तुकडे आणायची. काळुरामांनी ते 'अनधिकृत कापड' म्हणून जप्त केले. ती दुसऱ्या दिवशी पाच घेऊन आली.

त्या श्रावणात प्रतिक्षा आली.

अकरा महिन्यांची पोर. बाप निकेश डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला, आई अनिता घरी. पोरीच्या आतड्यात आतडं शिरलं होतं. डॉक्टरांनी तातडीने पोट उघडलं, खराब झालेला तुकडा काढला, टाके घातले. डॉक्टरांचा हात चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. हात चांगला असलेल्या माणसाला कान थोडे कमी पडतात, हेही त्याच्याबरोबर आलं. आतडं सांधेपर्यंत पोरीच्या तोंडात थेंबही घालायचा नव्हता. म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत एक बारीक नळी बसवली. तिच्यातून अन्न, तिच्यातून औषध. प्रत्येक औषधामागे थोडं सलाईन त्याच नळीत ढकलायचं, म्हणजे नळी तुंबत नाही.

हे सलाईन कुठून घ्यायचं, तर वॉर्डाच्या टेबलावर उलट्या टांगलेल्या एका बाटलीतून. तिच्या बुचात एक सुई कायमची खुपसलेली होती. ज्याला लागेल त्याने त्या सुईला सिरिंज लावायची आणि ओढायचं, सहाही खाटांसाठी. ही काळुरामांची योजना. प्रत्येक वेळी नवी छोटी कुपी फोडणं म्हणजे अपव्यय. एक बाटली संपेपर्यंत चालायची, कधी दोन दिवस, पोरं कमी असली तर तीनही. नम्रताला कॉलेजात शिकवलं होतं की असं करू नये. पण कॉलेज अलिबागेला होतं आणि काळुराम समोर होते.

सातव्या दिवशी प्रतिक्षाला ताप आला.

आता ताप आला म्हणजे कारण हवं, आणि आपल्याकडे कारणांचा तुटवडा कधीच नव्हता. आजी म्हणाली दृष्ट. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली दात. काळुराम म्हणाले नातेवाइकांची गर्दी, आणि भेटण्याची वेळ अर्ध्या तासाने कमी केली. डॉक्टर म्हणाले जंतू, आणि औषध बदललं. आठव्या दिवशी ताप तसाच, तेव्हा आणखी भारी औषध जोडलं. नवव्या दिवशी त्याहून भारी. निकेश रात्रपाळी करून थेट वॉर्डात यायचा, प्रत्येक नव्या औषधाचं नाव ऐकून मान हलवायचा आणि बायकोला सांगायचा, "हे मोठं हाय. ह्यानं उतरंल." पोरीचं रडणंही बारीक होत चाललं होतं. सुरुवातीला ती सुई पाहून किंचाळायची. नवव्या दिवशी ती नुसती बघायची.

बाजूच्या खाटेवरच्या दुसऱ्या एका बाळालाही प्रतिक्षाबरोबरच, सातव्या दिवशीच ताप भरला होता. त्यालाही भारी औषध सुरू झालं.

त्या नवव्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरांची फेरी झाली. मागे दोन शिकाऊ, एक फार्मसीवाला आणि फाईल धरलेले काळुराम. डॉक्टरांनी पोट तपासलं, टाके पाहिले, समाधानाने मान हलवली. नम्रताने हळूच सांगितलं, "सर, तोंडात पांढरं दिसतंय."

"दूध असेल. पुसून घ्या," डॉक्टर चालता चालता म्हणाले.

नम्रताने ओल्या कापसाने पुसलं. थोडं निघालं, थोडं चिकटून राहिलं.

खाटेखाली गोदूबाई पोछा मारत होती. ती वाकलेली होती तशीच वर बघत राहिली. फेरी पुढच्या खाटेला गेली तशी ती उठली, कमरेचा कोरडा तुकडा बोटाला गुंडाळला आणि पोरीच्या ओठांजवळ नेऊन थांबली. हात लावला नाही. नुसतं निरखलं.

"नम्रता, ह्या पोरीला तोंडानं दूध कवा दिलं?"

"नाही दिलेलं मावशी. नऊ दिवस तोंडाने काहीच नाही. बंद आहे."

"मंग ही साय कुठनं आली?"

नम्रताने कापूस टाकला. डॉक्टर चौथ्या खाटेजवळ होते. दूध असेल, असं म्हणाले होते. फाईलीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं की तोंडाने काही देऊ नये.

"बुरशी हाय गो," गोदूबाई म्हणाली.

पुढची खाट सोडून फेरीने मागे वळून पाहिलं, कारण गोदूबाईला हळू बोलता येत नसे. काळुरामांनी कपाळाला हात लावला. "झालं! मावशी, परवा तुम्ही टीव्हीलाही बुरशी म्हणालात. त्याच्या आधी लिफ्टला. त्याच्या आधी माझ्या डब्यातल्या चटणीला."

"चटणीला व्हतीच."

शिकाऊ हसले. डॉक्टरही थोडे हसले. ते वाईट माणूस नव्हते. "गोदूबाई, हे माणूस आहे, लोणचं नाही," असं म्हणून ते जिन्याकडे गेले. चार माणसं त्यांच्या मागोमाग गेली.

इथे गोदूबाईचाच दोष होता, आणि तो लपवायचं कारण नाही. जो माणूस दिवसातून तीस वेळा एकच गोष्ट सांगतो, त्याची एकतिसावी वेळ खरी असली तरी ती मोजायला कोण बसतं? तिने आपलं वाक्य लिफ्टवर आणि टीव्हीवर उधळून टाकलं होतं. पोरीसाठी ते वापरायची वेळ आली तेव्हा ते झिजलेल्या नाण्यासारखं खोटं वाजलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नम्रता गच्चीच्या जिन्यावर बसली होती. डबा उघडलेला, घास तसाच. खाली रस्त्यावरून गणपतीच्या मूर्ती भरलेला ट्रक हळूहळू चालला होता, खड्डा आला की सगळे गणपती एकदम माना डोलवत होते. गोदूबाई येऊन तिच्या एक पायरी खाली बसली. नेहमीसारखी बोलली नाही, म्हणून नम्रताच घाबरली.

"मावशी, काय झालं?"

"ती टेबलावरची बाटली. सुई खुपसलेली. ती कवाधरनं हाय?"

"काल सकाळपासून."

"आनि त्याच्या आदली?"

नम्रताने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "ती तीन दिवस होती."

"किती जनांनी तिच्यातनं काढलं?"

"सगळ्यांनी. सगळ्या खाटांचं."

"हात धुऊन?"

"धुऊन. पण पुसून..." खिळ्यावरचा टॉवेल दोघींच्याही डोळ्यांसमोर आला.

"मोठ्या बरनीत रोज हात," गोदूबाई म्हणाली. "जा. डाक्टरला सांग."

"मी नाही सांगणार!" नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. "काळुरामसर म्हणतील तूच केलंस. मीच केलंय ना मावशी! माझ्या हाताने ढकललंय त्या पोरीच्या मानेत. मला कॉलेजात शिकवलं होतं. सगळे म्हणतील, हिला ठाऊक होतं. माझी नोकरी जाईल, नाव जाईल. आणि नसलीच बुरशी, तर? तुम्ही तर लिफ्टलाही म्हणता."

खाली ट्रक वळला. मग गोदूबाई जे बोलली ते तिने अष्टमीत कुणाला सांगितलं नव्हतं, सखालाही नाही, कारण तेव्हा सखा नव्हता.

"माजी एक बरनी गेली व्हती."

"काय?"

"बुरशीला. सखा गेला त्या साली. चौदाव्याला न्हाऊन आले, केसांतनं पानी गळत व्हतं, आनि एक गिऱ्हाईक दारात. म्हटलं पैसे हवेत. तशीच बरनीत हात घातला. आठ दिसांनी दादरा सोडला तर वर पांढरी साय. मी काय केलं? वरची काढली. सरळ चमच्यानं काढली आनि वरनं गरम तेल वतलं. झाक दिसाया लागलं. इकलं मी ते. रोह्याच्या एका घरानं न्हेलं. त्यांनी तळाशी हात घातला तवा आत सगळी तार सुटलेली. शेवाळावानी. त्या बाईनं कुणाला सांगितलं नाय. ती मेली बिचारी. मी तीस वरसं बोंबलत फिरते, एक बरनी गेली नाय म्हनून."

गोदूबाईने तळवे पदराला पुसले.

"वर दिसते ती बुरशी नसते गो. वर दिसतं ते तिचं फूल. ती खाली असते. तुमी रोज नवं भारी औषध वततायसा ना, ते माजं गरम तेल हाय. त्यानं दुसरे जंतू मरत असतील, त्या मेलेल्यांची जागा हिला मोकळी. पोरीच्या तोंडात फूल आलंय. मूळ कुठं गेलं असंल, तुला मी सांगू? शिकलेली तू."

नम्रता उठली. डबा तसाच उघडा राहिला, आणि तो नंतर कावळ्यांनी संपवला.

डॉक्टर केबिनमध्ये जेवत होते. दार ढकलून नम्रता आत गेली आणि उभ्या उभ्या सगळं बोलून मोकळी झाली. नऊ दिवस दूध नाही, तर साय कुठून? दोन बाळांना एकाच दिवशी ताप. दोघांच्याही शिरेत नळी. तीन दिवसांची बाटली. ओला टॉवेल. "आणि सर, मी पण त्यातूनच काढलंय," हे शेवटचं वाक्य तिने भिंतीकडे बघून म्हटलं.

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. माणूस हुशार होता, फक्त त्याला कुणी थांबवत नसे. त्यांनी हात धुतले. सवयीने केबिनमधल्या टॉवेलाकडे गेले, टॉवेलासमोर थांबले, आणि हात शर्टाला पुसले. मग मुंबईला आपल्या जुन्या सरांना फोन लावला. पाच मिनिटं ते बोलत नव्हते, नुसतं "हो सर, हो सर" चाललं होतं. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा शाळेत छडी खाऊन आलेल्या पोरासारखा झाला होता.

त्याच दुपारी दोन्ही बाळांच्या रक्ताचे नमुने पनवेलला गेले, नळीतून वेगळे आणि दंडातून वेगळे. प्रतिक्षाच्या मानेतली नळी काढली, दुसऱ्या बाळाचीही काढली. निकेशला पनवेलला पाठवून दोघांसाठी बुरशीवरचं औषध आणवलं. अहवालाची वाट बघितली नाही. डॉक्टरांनी अनिताला खाटेजवळ बसवून सांगितलं, "रक्तात बुरशी गेली असावी. औषध आजपासून. डोळे तपासावे लागतील, हृदयाची सोनोग्राफी करावी लागेल, कारण ती तिथे जाऊन बसते. वाचेल असं मी आज म्हणणार नाही."

इतके दिवस प्रत्येक औषधाने वाचणार होती, आणि आता वाचेल असं कुणी म्हणेना. अनिताने पदर तोंडात धरला. निकेश विचारत होता, "पन डाक्टर, ही आली कुठनं? घरात तर आमच्या..." डॉक्टरांनी खाली मान घातली. "घरातून नाही," ते म्हणाले. "आमच्याकडून." हे एवढं त्यांनी म्हटलं, म्हणून त्यांना इथे थोडं सांभाळून घेतलं आहे.

तिसऱ्या दिवशी पनवेलचा फोन आला. दोन्ही बाळांच्या रक्तात बुरशी उगवली होती, एकाच जातीची.

त्यानंतरचे दिवस कसे गेले हे नम्रताला विचारू नये. प्रतिक्षाचा ताप बुरशीच्या औषधाच्या पाचव्या दिवशी अर्धा अंश उतरला, सहाव्या दिवशी पुन्हा चढला. आठव्या दिवशी तो गेला आणि परत आला नाही. डोळे स्वच्छ निघाले, हृदय स्वच्छ निघालं. बाजूचं बाळ तर तिच्या आधीच हसायला लागलं. बाराव्या दिवशी नम्रता सुई घेऊन गेली तेव्हा प्रतिक्षा तिला पाहून बेंबीच्या देठापासून किंचाळली. नम्रता तिथेच खाली बसून रडली. अनिताला वाटलं, पोरीला काही झालं.

आता काळुरामांचं. माणूस बुडत नाही, तो फलक धरून तरंगतो. पंधरा दिवसांत वॉर्डात नवा फलक लागला, 'बुरशीमुक्त बालक अभियान'. खाली काळुरामांचं नाव, संकल्पक म्हणून. सुईवाली बाटली गेली, छोट्या कुप्या आल्या, खिळ्यावरचा टॉवेल गेला, आणि कुलपातला कागदी रुमालांचा खोका शेवटी सूर्यप्रकाशात आला. हे सगळं चांगलंच झालं. फक्त ते कुणी सुचवलं हे कुठे लिहिलं नव्हतं.

मानांकनाचे तपासनीस आले त्या दिवशी हार, नारळ, पेढे. काळुरामांनी भाषण केलं. त्यात 'गुणवत्ता' हा शब्द अकरा वेळा आला आणि 'टॉवेल' एकदाही आला नाही. सगळ्या कर्मचाऱ्यांना शाली वाटल्या. गोदूबाईला तपासनिसांच्या हस्ते शाल मिळाली आणि काळुराम हसत म्हणाले, "आमच्या गोदूमावशी, जुन्या पिढीचा अनुभव! मावशी, दोन शब्द बोला."

हे त्यांनी करायला नको होतं.

गोदूबाईने माईक लांब धरला, तिला त्याची गरज नव्हती. "मी अडानी बाई," ती म्हणाली. "हितं दोन वरसं हाय. ह्या वार्डात आज कोरडा हात पुसायला कागद हाय, म्हनून मी त्या कागदाची दृष्ट काडते. उद्या तुमी गेल्यावर तो परत कपाटात जाईल का, ते बघाया मात्र कुनी तरी न सांगता या." आणि शाल खुर्चीवर ठेवून ती चहाचे कप उचलायला गेली.

तपासनीस हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काळुरामही हसले, पण त्यांच्या चेहऱ्याला ते हसू नीट चिकटलं नाही. महिना संपला तेव्हा सफाईच्या कंत्राटात वयाची अट आली. अट छप्पन्नची होती. गोदूबाई सत्तावन्नची होती. असा नेमका आकडा बसवायला काळुरामांना गणित चांगलं येत असलं पाहिजे.

प्रतिक्षाला घरी सोडलं त्याच आठवड्यात गोदूबाईचंही पेण सुटलं. रोह्याकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीत नम्रताला आता झोपल्याचं सोंग करावं लागत नव्हतं, आणि तिला झोपही येत नव्हती.

आश्विनात एका रविवारी ती अष्टमीला गेली. खुर्चीवर राहिलेली शाल तिने जपून ठेवली होती. गोदूबाई ओट्यावर होती. चारही बरण्या उन्हात पालथ्या, शेजारी लिंबांचं टोपलं, आणि हवेत हिंगाची धुरी.

"मावशी, तुमची शाल."

"कोरडी हाय का?"

"कोरडी आहे."

गोदूबाईने शाल हातात घेतली, उलटीपालटी केली, कड दाताने तोडली आणि टरकन फाडली. नम्रता ओरडलीच. "मावशी! सत्काराची आहे ती!"

"व्हय. चांगली जाड हाय." तिने चार चौकोन फाडले, घडी घातली, एक बरणीच्या तोंडावर धरून बघितला. "दादऱ्याला बरी. काळुरामाची एवडी तरी गोष्ट कामाला आली."

नम्रताला हसू आलं आणि रडूही आलं, मग हसूच जिंकलं. ती म्हणाली, "मावशी, काल डॉक्टर तुमची आठवण काढत होते. फेरीत बाळाच्या तोंडात काही दिसलं की आता ते स्वतः विचारतात, दूध कधी दिलं?"

"कागद?"

"आहे. कपाटात ठेवला होता एकदा. मी काढला."

"काळुराम?"

"ओरडले."

"मंग?"

"मी म्हटलं, ओल्या हाताने बरणी उघडू नये सर."

गोदूबाई हसली नाही. पण तिने एक बरणी नम्रताच्या हातात दिली आणि म्हणाली, "पूस." नम्रताने पुसली. गोदूबाईने बोट आत फिरवून बघितलं, आणि काही बोलली नाही. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नव्हती.

मग तिने मागच्या वर्षी घरापुरत्या घातलेल्या लिंबाच्या लोणच्याची एक छोटी बरणी पिशवीत घातली. ती निकेशच्या घरी द्यायची होती. अनिताने निरोप धाडला होता, पोरगी आता मऊभात खाते. "लोणचं नको द्यायला लगेच," नम्रता घाईने म्हणाली.

"तुज्या आदी मी पोरं वाढलेली बघितली. बोटाला लागंल तेवडा खार चाटवा, ते पन पुडल्या वरसाला," गोदूबाई म्हणाली. "मोठी झाली की सांगा तिला, ही बरनी गेलेली नाय म्हनून. आनि एक गेली व्हती, ते पन सांगा."

तिने पिशवी नम्रताच्या हातात दिली, बरण्यांपुरती काढून उरलेल्या लिंबांची टोपली विकायला स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि रोह्याच्या बाजाराकडे पुलावर चढली. भरतीचं पाणी खांबांना लागलं होतं. मधोमध एका फळवाल्याने कलिंगड धुऊन तसंच सुरीखाली ठेवलेलं तिला दिसलं असावं, कारण ती थांबली, टोपलीसकट त्याच्याकडे वळली आणि हात हलवून बोलू लागली. काय बोलत होती ते ओट्यावरून ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू यायची गरजही नव्हती.

फळवाल्याने सुरी फडक्याला पुसली. गोदूबाई पुढे निघाली. पुलाच्या त्या टोकाला ती दिसेनाशी होईपर्यंत नम्रता चार पालथ्या बरण्यांच्या मधे उभी राहून बघत होती, पिशवी छातीशी धरून, आणि दुसऱ्या हाताचा तळवा नकळत पुन्हा पुन्हा ओढणीला कोरडा करत.